हाताला पाचच बोटं का? – हॉक्स डी१३ या जनुकाची ओळख



पहिलीच्या वर्गात दहापर्यंतची मोजणी आपण सगळेच बोटांवर शिकवतो. "एका हाताला बोटं किती?" असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "पाऽऽच" म्हणतो. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा पुढच्या रांगेतला एक मुलगा गप्प बसला होता. दोन्ही हात पाटीखाली. मी जवळ जाऊन बसले. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका एकाच कातडीत जोडलेली होती आणि त्या दोघांच्या मध्ये नखासकट आणखी एक छोटं बोट होतं. डाव्या हाताचीही तीच दोन बोटं निम्म्यापर्यंत चिकटलेली. त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, माझी किती धरायची?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी मी बोटांवरची मोजणी बंद केली आणि चिंचोके वाटले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई भेटायला आली. मी काही विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "मॅडम, पोटुशी असताना गिऱ्हाणात माझ्या हातनं भाजी चिरली गेली. सासूबाई नको म्हणत होत्या." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. सहा वर्षं ती हे ओझं घेऊन फिरत होती आणि घरात कुणीही ते उतरवलेलं नव्हतं.

पुढे शाळेच्या आरोग्य तपासणीत पथकाने त्याला मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. आईवडिलांच्या सोबत मीही गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी मुलाचा हात पाहिला, एक्स-रे काढायला सांगितला आणि मग वडिलांना म्हणाले, "चप्पल काढा जरा." वडिलांच्या दोन्ही पायांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चिकटलेलं होतं. त्यांना स्वतःला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. चप्पल घालता येते, शेतात चालता येतं, मग कोण बघतंय? डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : सिनपॉलिडॅक्टिली. शब्द भीतीदायक वाटतो, पण ग्रीक भाषेतल्या तीन तुकड्यांचा आहे. सिन म्हणजे एकत्र, पॉली म्हणजे अनेक, डॅक्टिल म्हणजे बोट. जास्तीचं बोट आणि तेही चिकटलेलं. ते म्हणाले, "हे बहुतेक वडिलांकडून आलंय. आईचा यात काही संबंध नाही."

तो कागद घेऊन मी घरी आले आणि वाचायला लागले. त्यातून जे समजलं ते इथे मांडते. पालकांची परवानगी घेतली आहे, नाव-गाव मुद्दाम दिलेलं नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट करते. या मुलाची जनुक-तपासणी झालेली नाही, निदान हात-पाय आणि एक्स-रे पाहून झालं आहे. पण ही अवस्था ज्या जनुकातल्या बदलामुळे होते म्हणून सगळ्यात जास्त ओळखली जाते, ते जनुक म्हणजे हॉक्स डी१३.

थोडी उजळणी करू या. नववीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व परिवर्तन' आणि दहावीच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पाठ आहेत. ते ज्यांना आठवतात त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. गुणसूत्रात डीएनएचा लांबच लांब धागा असतो आणि त्याच्यावर चार अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. त्या मजकुरातला एक कामाचा तुकडा म्हणजे जनुक. बऱ्याच जनुकांत एखादं प्रथिन कसं बनवायचं याची कृती असते. तीन अक्षरं मिळून एक अमिनो आम्ल ठरतं आणि अमिनो आम्लांची माळ म्हणजे प्रथिन.

आता हॉक्स. ही गोष्ट सुरू होते माशीपासून. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी ती बारीक फळमाशी. या माश्यांमध्ये कधीकधी विचित्र प्रकार दिसायचे. डोक्यावर जिथे मिशीसारखी स्पृशा असायला हवी, तिथे चक्क पाय उगवलेला. किंवा पंखांच्या एका जोडीऐवजी दोन जोड्या. पाय अगदी व्यवस्थित बनलेला असायचा, फक्त जागा चुकलेली. एक अवयव दुसऱ्या अवयवाच्या जागी येणं, याला विल्यम बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये होमिओसिस असं नाव दिलं होतं. अमेरिकेत एडवर्ड लुईस यांनी फळमाशीच्या अशा जनुकांवर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या लक्षात आलं की ही जनुकं गुणसूत्रावर ज्या क्रमाने बसलेली आहेत, त्याच क्रमाने ती माशीच्या शरीराचे पुढून मागे असलेले भाग सांभाळतात. या कामासाठी त्यांना १९९५ चं नोबेल मिळालं, ख्रिस्टिआने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांच्यासोबत.

१९८३-८४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत आणि त्याच वेळी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात आणखी एक गोष्ट सापडली. माशीच्या या वेगवेगळ्या जनुकांमध्ये १८० अक्षरांचा एक तुकडा जवळजवळ सारखाच होता. त्याला नाव पडलं होमिओबॉक्स. मग तोच तुकडा बेडकात, उंदरात आणि माणसातही सापडला. माशी आणि माणूस यांचा समान पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, तरीही हा तुकडा टिकून राहिला. मला स्वतःला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात थक्क करणारी वाटते. वर्गात माशी हाकलताना हल्ली मला हे आठवतं.

माणसात होमिओबॉक्स असलेली जनुकं बरीच आहेत. त्यातली ३९ जनुकं हॉक्स या खास घराण्यातली. ती चार गटांत राहतात. ए गट ७ व्या गुणसूत्रावर, बी १७ व्या, सी १२ व्या आणि डी गट दुसऱ्या गुणसूत्रावर. डी गटात नऊ जनुकं आहेत. त्यांचे क्रमांक सलग नाहीत (मधले काही गळाले आहेत), पण रांगेतलं शेवटचं जनुक १३ क्रमांकाचं. म्हणून हॉक्स डी१३. हातपाय तयार होताना हे रांगेतलं शेवटचं जनुक मुख्यतः टोकाच्या भागात, म्हणजे पंजा आणि बोटांच्या जागी, काम करतं.

काम म्हणजे नेमकं काय? हॉक्स डी१३ पासून ३४३ अमिनो आम्लांचं एक प्रथिन तयार होतं. हे प्रथिन स्वतः हाड होत नाही, कातडी होत नाही. घराच्या बांधकामावर मुकादम असतो ना, तसं आहे हे. मुकादम वीट उचलत नाही, पण "इथे भिंत, इथे दार सोडा" हे तो सांगतो. हे प्रथिन केंद्रकात जातं, डीएनएवर ठरावीक ठिकाणी बसतं आणि तिथल्या इतर जनुकांना चालू किंवा बंद करतं. डीएनएवर बसण्यासाठी त्याचा जो भाग उपयोगी पडतो, तो ६० अमिनो आम्लांचा असतो. १८० अक्षरं भागिले तीन म्हणजे ६०. हाच तो होमिओबॉक्समधून तयार झालेला भाग, त्याला होमिओडोमेन म्हणतात. त्याला तीन छोटी वेटोळी असतात आणि तिसरं वेटोळं डीएनएच्या खाचेत जाऊन बसतं. दहावीत आपण 'प्रतिलेखन' शिकवतो, म्हणजे डीएनएवरून आरएनए तयार होणं. कुठल्या जनुकाचं प्रतिलेखन करायचं आणि कुठल्याचं नाही, हे असली प्रथिनं ठरवतात. पाठ्यपुस्तकात प्रतिलेखनाची कृती येते, पण ते सुरू कोण करतं हा प्रश्न हुशार मुलं विचारतातच. त्यांना देण्यासाठी हे चांगलं उदाहरण आहे.

आता वेळापत्रक बघा. गर्भधारणेनंतर चौथा आठवडा संपता संपता बाळाच्या अंगावर हाताची कळी दिसायला लागते. सहाव्या आठवड्यात तिचं टोक चपटं होऊन वल्ह्यासारखं दिसतं. त्यात बोटांच्या रेषा उमटतात. मग बोटांच्या मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी बोटं सुटी झालेली असतात. (बदकाच्या पायात या मधल्या पेशी मरत नाहीत, म्हणून तिथे पडदा राहतो. चौथीच्या मुलांना हे फार आवडतं.) म्हणजे बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं नीट कळून घरच्यांना सांगून होईपर्यंत बाळाची बोटं किती आणि कशी हे ठरायला सुरुवातही झालेली असते. त्यासाठीची सूचना तर त्याच्याही आधी, बीज आणि शुक्रपेशी एकत्र आल्या त्याच क्षणी, लिहिलेली असते. पुढे कधी ग्रहण लागलं आणि विळी हातात घेतली, तर ती या मजकुरातलं एक अक्षरही कापू शकत नाही.

मग या मजकुरात चूक कुठे असते? हॉक्स डी१३ प्रथिनाच्या सुरुवातीच्या भागात अॅलनिन नावाचं एकच अमिनो आम्ल लागोपाठ १५ वेळा येतं. सिनपॉलिडॅक्टिली असलेल्या अनेक घराण्यांत ही संख्या वाढलेली असते. सात जास्त, आठ जास्त, नऊ, दहा, अगदी चौदा जास्त. १९९६ मध्ये हे पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की जितके अॅलनिन जास्त, तितका हातापायांवरचा परिणाम साधारणपणे मोठा.

मी हे मुलाच्या आईला आणि नंतर सातवीच्या वर्गाला मण्यांची माळ करून दाखवलं. वेगवेगळ्या रंगांचे मणी ओवा, मध्ये एका ठिकाणी सलग १५ पांढरे मणी ओवा आणि माळेच्या शेवटाकडे एक हूक लावा. हूक म्हणजे डीएनएला पकडणारं होमिओडोमेन. आता दुसऱ्या माळेत पांढरे मणी २४ करा. हूक तसाच आहे, त्याला काही झालेलं नाही. पण पांढरे मणी एकमेकांना चिकटणारे आहेत अशी कल्पना करा. प्रयोगशाळेत असंच दिसलं आहे. पांढरा भाग फार वाढला की प्रथिनाची घडी बिघडते आणि ती प्रथिनं केंद्रकात जाण्याऐवजी बाहेर पेशीद्रव्यातच गोळा होऊन बसतात. मुकादम कामावर पोहोचतच नाही. शिवाय चांगल्या प्रथिनांच्या कामातही तो गोळा अडथळा आणू शकतो. त्यामुळे जोडीतलं एक जनुक नीट असूनही भागत नाही, एक बिघडलेली प्रत परिणाम दाखवायला पुरते. याला आपण प्रभावी गुण म्हणतो. मेंडेलच्या वाटाण्यांचा उंचपणा शिकवताना 'प्रभावी' म्हणजे 'चांगला' असा मुलांचा समज होतो. तो दूर करायलाही हे उदाहरण वापरा.

आईवडिलांपैकी एकाकडे अशी प्रत असेल तर प्रत्येक बाळंतपणात ती मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवण्यासारखं. पहिल्या मुलाला आली म्हणून दुसऱ्याला येणार नाही, असं नसतं. नाणं दर वेळी नव्याने उडतं. आणि तीच प्रत असूनही माणसामाणसांत फरक दिसतो. एखाद्याच्या दोन्ही हातांना सहा-सहा बोटं, तर त्याच्याच बापाच्या फक्त पायाच्या करंगळीपाशी खूण. ठरावीक जागा मात्र लक्षात ठेवण्यासारख्या आहेत : हाताचं मधलं बोट आणि अनामिका, पायाचं चौथं बोट आणि करंगळी.

तुर्कस्तानात अफ्योन प्रांतातल्या देरबेंत या गावातलं एक घराणं या अभ्यासात प्रसिद्ध आहे. १९९५ मध्ये तिथल्या सात पिढ्यांचा वंशवृक्ष मांडला गेला, त्यात १८२ जणांना ही अवस्था होती. त्यांच्यात नऊ अॅलनिन जास्त असल्याचं पुढच्या वर्षी समजलं. सात पिढ्या आणि बदल मात्र तोच! काही आनुवंशिक आजारांत जास्तीची अक्षरं दर पिढीला आणखी वाढत जातात, इथे सहसा तसं होत नाही. त्याचं कारण गमतीचं आहे. अॅलनिन हा एकच मणी लिहायला डीएनएत चार वेगवेगळी 'स्पेलिंगं' आहेत आणि इथे ती मिसळून आलेली आहेत. एकच एक शब्द पन्नास वेळा लिहायला दिला तर मूल मोजणी चुकतं आणि कमी-जास्त लिहितं, पण वेगवेगळे शब्द असले की तितकं चुकत नाही. तसंच काहीसं.

त्या गावात नात्यातल्या लग्नांमुळे काही मुलांना आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून बदललेली प्रत मिळाली होती. त्यांचे हात फार वेगळे होते. सगळी बोटं आखूड आणि तळहातातली लांब हाडं मनगटातल्या हाडांसारखी छोटी, गोटीसारखी झालेली. एका भागाच्या जागी दुसऱ्या भागासारखी रचना! माशीच्या डोक्यावरच्या पायाची आठवण झाली की नाही? आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. दोन्हीकडे अशी खूण असेल तर लग्नाआधी किंवा मूल होण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला लाजू नये, इतकंच म्हणते.

आता सावधगिरीचे दोन शब्द, कारण अर्धवट माहिती घेऊन आपण शिक्षकच कधीकधी गावात नवी अफवा सुरू करतो. जास्तीचं बोट असलेलं प्रत्येक मूल हॉक्स डी१३ चं नसतं. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला लोंबणारं सहावं बोट आपल्याला जास्त वेळा दिसतं, ते बहुधा वेगळ्या कारणाने येतं. अंगठ्यापाशी दुसरा अंगठा असणं हाही वेगळा प्रकार. हृतिक रोशनच्या उजव्या हाताला दोन अंगठे आहेत हे मुलांना ठाऊक असतंच. हॉक्स डी१३ मध्येच वेगळ्या ठिकाणी बदल झाला तर काही घराण्यांत बोटं जुळण्याऐवजी आखूड राहतात. आणि हातापायातलं प्रत्येक जन्मजात वेगळेपण आनुवंशिकच असतं असंही नाही. १९६० च्या आसपास थॅलिडोमाइड नावाच्या औषधाने युरोपात हजारो बाळांचे हातपाय अपुरे राहिले होते. म्हणून गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध घेऊ नये, हे खरं पथ्य. ग्रहणात खिडक्या बंद करून, उपाशी, न हलता बसणं हे पथ्य नाही. पोटुशी बाईला तासन् तास पाणीही न देण्याचं समर्थन मला तरी करता येत नाही.

त्या घरी मी मण्यांची माळ घेऊन गेले तेव्हा आजीही बसली होती. आधी तिने तोंड फिरवलं. मी गिऱ्हाणाबद्दल काहीच बोलले नाही. फक्त वडिलांना पाय पुढे घ्यायला सांगितलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. आजी बराच वेळ लेकाच्या पायाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यांचं पाय बी असंच हुतं की." हे म्हणजे तिचे मालक, मुलाचे आजोबा. झाल्या तीन पिढ्या. मी वहीत वंशवृक्ष काढला, आजोबांचा चौकोन, वडिलांचा चौकोन, मुलाचा चौकोन, तिन्ही रंगवले. आईचं वर्तुळ कोरं ठेवलं. तिने ती वही हातात घेतली आणि परत देताना विचारलं, "हे पान मी ठेवू का?"

शस्त्रक्रियेबद्दल थोडं. चिकटलेली बोटं सोडवण्याचं काम प्लास्टिक सर्जन किंवा हाताचे सर्जन करतात. अनेकदा ते शाळेत जायच्या वयाआधीच करतात, म्हणून अंगणवाडी ताईंनी असं बाळ दिसलं तर वाट न पाहता आरोग्य पथकाला दाखवावं. कातडी कमी पडते, म्हणून दुसरीकडची कातडी लावावी लागते. मधलं जास्तीचं बोट काढायचं की नाही हे आतल्या हाडांची जोडणी पाहून ठरवतात. दोरा बांधून बोट पाडण्याचे घरगुती उपाय अजिबात करू नयेत. आत हाड आणि रक्तवाहिन्या असतात.

आमच्या मुलाचा उजवा हात दिवाळीच्या सुट्टीत झाला. तोपर्यंत आणि नंतरही वर्गात काही गोष्टी उपयोगी पडल्या. पेन्सिल 'अशीच धर' असा आग्रह सोडला. त्याने स्वतः अंगठा आणि तर्जनी यांच्यात जाड पेन्सिल धरायची पद्धत शोधली होती, ती मी तशीच चालू दिली. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की ती घसरत नाही. वर्गात सगळ्यांच्या हातांचे ठसे घ्यायचा उपक्रम मी आधी टाळला होता. पण चौकशी केल्यावर त्यालाच तो हवा होता असं कळलं, मग घेतला. मुलांनी पाच मिनिटं प्रश्न विचारले आणि मग रंगपेटीवरून भांडायला लागली. मोजणीसाठी मात्र मी आता कायमचे चिंचोके, काड्या आणि मणी ठेवले आहेत. एका हाताला बोटं किती, हा प्रश्न आता मी "तुझ्या हाताला किती?" असा विचारते आणि प्रत्येकाला स्वतःची मोजून सांगायला लावते.